'मागितल्याशिवाय द्यायचं नाही' हे बरोबर आहे का? (मुलगा साडेचार वर्षांचा, नाशिक)

सिडकोची_आई
नमस्कार, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मुलाला ऑटिझम आहे हे गेल्या वर्षी कळलं. आठवड्यातले पाच दिवस एका सेंटरला नेते, नाव नाही लिहीत. तिथे सांगितलंय की घरी आवडीची कुठलीच वस्तू मागितल्याशिवाय हातात द्यायची नाही, सगळं डब्यात घालून वर ठेवा, तोंडातून शब्द निघाला की लगेच द्या. आता गंमत बघा, ह्याला "पाणी" येतं. कार्डावर ग्लासचं चित्र दाखवून हे काय विचारलं की एकदम स्पष्ट "पाणी". पण तहान लागली की माझं मनगट धरून माठापर्यंत ओढत नेतो आणि माझाच हात तोटीवर ठेवतो, तोंडातून चकार शब्द नाही. मी म्हणते "पाणी म्हण", तर तो म्हणतो "पाणी म्हण". अख्खं! परवा सेंटरचं ऐकून ग्लास हातात धरून थांबले, पाच मिनिटं झाली असतील, रडून रडून लाल झाला, शेवटी सासूबाईंनी माझ्या हातातून ग्लास काढून घेतला, त्याला पाजलं आणि म्हणाल्या, तहानलेल्याचं पाणी अडवायचं हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? मला उत्तर नाही देता आलं. तुम्हाला येतंय का?

देवळालीचे_आजोबा
सूनबाई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या वेळी पोरं उशिरा बोलायची, कुणी सेंटरला नेत नव्हतं, सगळी बोलायला लागली. डब्यात खाऊ ठेवून पोराला नाचवायचं हे दरवेशी अस्वलाला करायचा.

थेरपीवाली_ताई
आजोबा, सगळी नाही हो लागली. जी नाही लागली ती घरात मागच्या खोलीत असायची, पाहुण्यांसमोर येत नव्हती.

ताई, तुमच्या प्रश्नाचं. मी नऊ वर्षं हेच काम करते आणि आधी एक सरळ सांगते, पाणी अडवून ठेवणं चूकच. पाणी, जेवण, आईजवळ येणं, शू ला जाणं, ह्या गोष्टी बोलण्याच्या बदल्यात ठेवायच्याच नसतात. सासूबाई बरोबर आहेत.

पण तुम्ही जे बघितलंय ना, चित्र बघून "पाणी" म्हणतो आणि तहानेला म्हणत नाही, ते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण आहे. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ च्या पुस्तकात हेच मांडलं की आपल्याला एकच शब्द वाटतो पण तो कशामुळे तोंडातून येतो आणि आल्यावर काय मिळतं त्यावरून त्याची कामं वेगळी. तहान लागली म्हणून पाणी म्हणणं, मिळतं पाणीच, त्याला मँड म्हणतात. समोर पाणी दिसलं म्हणून पाणी म्हणणं, मिळतं "हो रे सोन्या, शाब्बास", तो टॅक्ट. तुम्ही म्हणालात म्हणून तसंच म्हणणं ते एकोइक. आणि "माठात काय असतं?" विचारल्यावर समोर माठ नसताना पाणी म्हणणं, ते इंट्राव्हर्बल. एक आलं म्हणजे दुसरं आपोआप येतंच असं नाही, तुमच्या लेकाचं तेच झालंय, टॅक्ट आहे, एकोइक तर भरपूर आहे, मँड नाही. सेंटरला कार्डांवर कार्डं झाली असणार.

एक सोपी गोष्ट उद्यापासून करा. "पाणी म्हण" म्हणू नका, "म्हण" काढून टाका. तो मनगट धरून माठाशी आला की नुसतं "पाणी" म्हणा, दोन सेकंद थांबा, आणि द्या. बोलला तरी द्या, नाही बोलला तरी द्या.

कॉलेजरोड_एमए
स्किनरचं ते पुस्तक चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ लाच निकालात काढलं. कुणीही न शिकवलेली, आधी कधी न ऐकलेली वाक्यं मुलं रोज बोलतात, ती बक्षिसाने कशी येणार? मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात हे. आणि मँड टॅक्ट ही नुसती नवीन लेबलं, मागणी आणि वर्णन म्हणा की सरळ.

थेरपीवाली_ताई
म्हणा की मागणी, माझी काही हरकत नाही. चॉम्स्कीचा सवाल होता की माणसाची भाषा मुळात येते कुठून, आणि तो सवाल मोठाच आहे, त्याला मॅककॉर्कोडेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० ला स्किनरच्या बाजूने सविस्तर उत्तर दिलं तेही वाचा वाटल्यास. पण माझ्यासमोर सकाळी साडेनऊला बसलेल्या पोराला तहान लागलीये आणि सांगता येत नाहीये, तिथे व्याकरणाचा जन्म कुठला ते ठरवून मला उपयोग नाही. माठाला शंभर वेळा पाणी म्हणा, माठ देत नाही. आईला म्हटलं तर देते. बोलणं म्हणजे दुसऱ्या माणसाच्या हातून काम होणं, एवढं त्या पोराला कळायचंय.

मिसळप्रेमी_पंचवटी
विषय गंभीर आहे पण मला एक कळेना. इच्छा नसताना मागायला शिकवणार कसं? मी दोन प्लेट मिसळ, चार पाव हाणून बाहेर आलो की मला कुणी तिसरी फुकट दिली तरी नको.

थेरपीवाली_ताई
दादा, तुम्ही गंमत केली पण मोटिव्हेशनचा अख्खा धडा सांगितलात. याला मोटिव्हेटिंग ऑपरेशन म्हणतात, जॅक मायकेल या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ पासून यावर लिहिलं. आपण मोटिव्हेशन म्हणजे आतली जिद्द, भाषण ऐकून येणारी, असं समजतो. इथे तसं नाही. परिस्थितीत काहीतरी बदलतं आणि एखाद्या वस्तूची किंमत तेवढ्यापुरती वाढते किंवा पडते, आणि ती मिळवायला आजवर जे जे केलंय ते करण्याची शक्यताही तशीच वाढते-पडते. भूक लागली, मिसळीची किंमत वाढली. दोन प्लेट झाल्या, पडली.

आणि यात एक गल्लत सगळे करतात. दुकानाचं शटर उघडं दिसणं म्हणजे मोटिव्हेशन नव्हे, शटर एवढंच सांगतं की आत्ता मागितलं तर मिळेल. पोट भरलेलं असेल तर शटर उघडं असून काय उपयोग, आणि भूक लागलेली असेल तर बंद शटरसमोर पण माणूस दोन मिनिटं घुटमळतोच.

म्हणून पाणी अडवायची गरजच नाही. नाशिकचा तिखट चिवडा द्या मूठभर, आणि पाण्याची बाटली शेजारीच ठेवा, झाकण जरा घट्ट. इच्छा आपोआप आली, मदत मागायचं कारण पण आलं. झाकण उघडायला तुमच्याकडे बघेल तेव्हा "उघड" म्हणा आणि उघडा.

देवळालीचे_आजोबा
म्हणजे आधी तिखट चारायचं मग पाणी दाखवायचं. अस्वल बरं होतं.

अंबडचा_मी
बराच वेळ वाचत होतो, लिहू की नको करत. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, सत्तावीस वर्षांचा, अंबडला नोकरी करतो. लहानपणी मी पण हे सगळं केलंय. "माझ्याकडे बघ" म्हटलं की बघायचं, मग चॉकलेट. मी बघायचो. बघताना कानात काही जायचं नाही, पण वहीत बरोबरची खूण व्हायची.

ऑटिस्टिक मुलांना असंच बक्षीस देऊन शिकवणाऱ्या लोवास या मानसशास्त्रज्ञाचा १९८७ चा अभ्यास सगळे पालकांना सांगतात, १९ मुलं, आठवड्याला ४० तास, त्यातली ९ साध्या वर्गात गेली. त्यात मुलांवर जोरात ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं पण होतं आणि मुलं चिठ्ठ्या टाकून गटात घातलेली नव्हती, हे कुणी सांगत नाही. ताई, तुम्ही चांगल्या दिसताय, तुमच्यावर नाहीये हे.

माझा प्रश्न एकच. सगळे त्या पोराला "दे" शिकवताय. "नको" कोण शिकवणार? मला "नको" म्हणायला कुणी शिकवलं नाही, मी म्हटलेलं चाललं पण नसतं, म्हणून मी चावायचो. मग चावणं बंद करायचा वेगळा कार्यक्रम सुरू झाला.

थेरपीवाली_ताई
यावर मी वाद घालणार नाही. आमच्या क्षेत्रात हे झालंय आणि काही ठिकाणी अजून होतं.

एवढंच जोडते की "नको", "थांब", "बास" हे पण मँडच आहेत आणि तुमचं चावणं हा सुद्धा एक मँड होता, फक्त तो वाचणारं कुणी नव्हतं. कार आणि ड्युरँड या दोन संशोधकांनी १९८५ ला हेच दाखवलं, मूल आदळआपट का करतंय ते आधी शोधा, काम अवघड जातंय म्हणून की कुणी लक्ष देत नाही म्हणून, आणि तेच मिळवायचा सोपा शब्द द्या. शब्द चालायला लागला की आदळआपट कमी होते. अट एकच, शब्द खरोखर चालला पाहिजे. "नको" म्हटल्यावर पण "अजून एकदाच हां राजा" केलंत तर तो शब्द मेला.

नाशिकरोड_बाई_शिक्षिका
मी मोठ्या शिशूला शिकवते. आमच्याकडे स्टिकरचं इतकं खूळ माजलंय की चित्र काढायच्या आधी पोरं विचारतात बाई स्टिकर कितीचं. १९७३ ला अमेरिकेत बालवाडीच्या मुलांवर प्रयोग झाला होता, स्केचपेनने चित्र काढायला आवडणाऱ्या मुलांना आधी बक्षीस कबूल केलं आणि नंतर त्यांचा मोकळ्या वेळातला रस कमी झाला. मग ही सगळी द्या-घ्या पद्धत मुलांचं नुकसान नाही का करत?

थेरपीवाली_ताई
बाई, त्याच प्रयोगात ज्यांना बक्षीस अचानक दिलं, आधी सांगितलं नव्हतं, त्यांचा रस कमी झाला नाही. आणि तिथे आधीपासून आवडत असलेल्या कामावर बक्षीस लावलं होतं. इथे पाणी मागितल्यावर पाणी मिळतंय, स्टिकर नाही. "पाणी" म्हटल्यावर चॉकलेट देणारे लोक आहेत, त्यांच्याशी मी पण भांडते. स्टिकरबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

कॉलेजरोड_एमए
एक गोष्ट कुणी विचारली नाही. सेंटरला कार्डावर "पाणी" म्हणतात की "वॉटर"? माझ्या भाच्याला एका ठिकाणी वॉटर, ॲपल शिकवलं, घरी आजीला वॉटर म्हणाला तर आजी म्हणे काय रे बाळा? दोनदा म्हणाला, नंतर सोडून दिलं. स्किनर मानत नसलो तरी हे दिसतं मला.

थेरपीवाली_ताई
मानत नसलात तरी उदाहरण त्याचंच दिलंत 😀

सिडकोची_आई
सगळ्यांना थँक्यू. अंबडच्या दादांचं वाचून रात्री झोप नाही लागली, खरंच सांगते.

काल रविवार होता. दहीपोहे केले, वाटी दिली आणि चमचा दिला नाही, चमचा माझ्या शेजारीच ताटात दिसेल असा ठेवला. त्याने वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मनगट धरलं. मी म्हटलं "चमचा". थांबले. सासूबाई दारात उभ्या, पदर तोंडाला. काही बोलला नाही, मी चमचा दिला. दुसऱ्या वाटीला परत तसंच. तेव्हा म्हणाला "चमा". "चमचा म्हण" नाही, नुसतं "चमा", आणि चमचा हातात आल्यावर त्याकडे असा बघत बसला की पोहे विसरला.

मग मी हावरटपणा केला, तिसरी वाटी पुढे केली. त्याने दोन बोटांनी वाटी माझ्याकडे परत सरकवली. मी परत पुढे करणार तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, अगं नको म्हणतोय ना तो! मी वाटी उचलली आणि म्हटलं, "नको". तो शब्द नाही बोलला, पण माझ्याकडे बघितलं, कुणी बघ न म्हणता.

सेंटरला शुक्रवारी मीटिंग आहे. पाण्याचं आणि "नको" चं दोन्ही विचारणार आहे, सासूबाईंना पण घेऊन जाते.

देवळालीचे_आजोबा
सासूबाईंना पुढच्या खुर्चीवर बसवा.