मदत हवी आहे: पितळी केस धुतल्यावर गुलाबी होताहेत (तातडीचं)

ह्यूस्टनकर
९ एमएमचे ५००-एक केस काल रात्री ड्रममध्ये लावले. सकाळी काढले तर निम्मे गुलाबी, बाकीचे करडे. सोनेरी एकही नाही. लावले त्यापेक्षा वाईट दिसताहेत. रविवारी मॅच आहे, ३०० तरी भरून हवेत. हे वापरता येतील का आणि परत पिवळे कसे करायचे, एवढंच सांगा. 'गूगल करा' नको, करून झालं.

मोगरा_७
मेहंदीवर लगेच केमिकल रंग लावला का? मग असंच होतं. आठवडाभर शांपू बंद, रात्री कोमट खोबरेल. आणि पुढच्या वेळी कानामागे थोडा लावून बघा आधी.

डावा_डोळा
मोगराताई, ते डोक्यावरचे केस नव्हेत. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आहेत, अमेरिकेत लोक त्या धुऊन परत भरतात. धागाकर्ते, शीर्षकात 'पुंगळ्या' लिहा, नाहीतर उद्यापर्यंत जास्वंदीचं तेल येईल.

आता कामाचं. ड्रम कोरडा थरथरणारा की पाण्याचा फिरणारा? पाण्यात काय काय घातलं, किती? किती तास फिरवला? प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, आधी काढले होते का? पुंगळ्या स्वतःच्या की नेमबाजीच्या रेंजवर वेचलेल्या?

मोगरा_७
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

ह्यूस्टनकर
पाण्याचाच, ७ लिटरचा. स्टीलच्या पिना, भांड्यांचा साबण, लिंबूसत. सगळे घालतात तेच. वेचलेल्या आहेत.

कणीस
पाणी घातलंत तिथेच चुकलं. थरथरणारा टंबलर घ्या, २०/४० जाडीचा मक्याच्या कणसाचा भुगा भरा, त्यात अमोनिया नसलेलं गाडीचं पॉलिश एक-दोन झाकणं टाका. आधी पॉलिश भुग्यात दहा मिनिटं नुसतं फिरू द्या, नाहीतर गोळे होऊन पुंगळीत बसतात. मग पुंगळ्या टाकायच्या. तीन तासांत पिवळ्याधमक. वाळवणं नाही, पिना शोधणं नाही. फार काळ्या असतील तर आधी अक्रोडाच्या टरफलाचा भुगा, मग कणीस.

साडेतीन_इंच
आणि प्रायमरच्या खिशातला काजळा? तो कणसाने जन्मात निघत नाही. शिवाय प्रायमरच्या राखेतलं शिसं भुग्यात साठतं आणि चाळताना धूळ होऊन नाकात जातं. पाण्यात निदान धूळ उडत नाही.

कणीस
खिसा चमकून काय करायचंय? प्रायमर तळाला टेकला की झालं. धुळीला उपाय आहे: कपड्यांच्या ड्रायरमधला वापरलेला कागद चार तुकडे करून भुग्यात टाका, धूळ त्याला चिकटते. आणि चाळायचं बाहेर, मास्क लावून.

रसायनवाला
भांडण बाजूला ठेवा, धागाकर्त्याने 'किती' हे अजून सांगितलेलंच नाही. लिंबूसत किती? तास किती?

ह्यूस्टनकर
तीन चमचे. रात्री ११ ला लावला, सकाळी ८ ला काढला.

रसायनवाला
कुठला चमचा? चहाचा की जेवणाचा?

ह्यूस्टनकर
जेवणाचा. पोहे खायचा असतो तो.

रसायनवाला
सापडलं. एवढ्या ड्रमला पाव चहाचा चमचा लागतो, म्हणजे साधारण एक ग्रॅम. जेवणाच्या एका चमच्यात तीन चहाचे, म्हणजे बारा पाव. तुम्ही ३६ पट घातलंत, तेही नऊ तास.

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. आम्ल थोडं आणि वेळ बेताचा असेल तर वरचा काळा थरच जातो. दोन्ही वाढलं की पृष्ठभागावरचं जस्त आधी विरघळतं आणि तांबं उघडं पडतं. तोच तुमचा गुलाबी रंग. घरी पितळी समईला चिंच लावून विसरलं की जसे लालसर डाग पडतात, अगदी तेच.

करड्या पुंगळ्यांचं कारण वेगळं असावं. पिना नव्या होत्या का? आणि डावा_डोळांनी प्रायमरचं विचारलंय, त्याचं उत्तर राहिलं.

ह्यूस्टनकर
पिना कालच आल्या, पिशवी फोडून तशाच ओतल्या. प्रायमर काढले नव्हते, साइझिंग डायमध्ये (पुंगळी मापात आणायच्या साच्यात) निघतातच की.

डावा_डोळा
निघतात, पण उशिरा. प्रायमर आत असला की खिशात काळा राडा आणि पाणी अडकतं. तो भाग दोन-दोन दिवस वाळत नाही आणि नंतर हिरवट डाग धरतो. धुण्याआधी युनिव्हर्सल डिकॅपिंग डायने नुसते प्रायमर ठोका. ती डाय पुंगळीच्या अंगाला लागत नाही, त्यामुळे मळकी पुंगळी घातली तरी डाय किंवा पुंगळी ओरखडत नाही.

नव्या पिनांवर कारखान्यातलं तेल आणि काजळी असते. त्या आधी एकट्याच गरम पाणी आणि साबणात अर्धा तास फिरवून, पाणी फेकून, मग वापरायच्या. नाहीतर पहिला घाणा करडाच येतो.

घाटावरचा
एवढं कशाला? ब्रासो घ्या आणि फडक्याने पुसा. लष्करात बक्कल त्यानेच चमकवतात.

रसायनवाला
बक्कलमध्ये स्फोट होत नाही हो. ब्रासो किंवा अमोनिया असलेलं काहीही पुंगळीला लावू नका, काच पुसायचा निळा स्प्रेसुद्धा नको. घडवताना पितळात ताण राहिलेला असतो. त्यावर अमोनिया आणि ओल मिळाली की धातूच्या कणांच्या सीमेवरून चिरा जातात, वरून चकचकीत दिसत असताना. हा शोध हिंदुस्थानातलाच म्हणायला हरकत नाही. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली असायची, आणि घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाने ती तडकायची. म्हणून इंग्रजीत त्याचं नावच 'सीझन क्रॅकिंग' पडलं.

घाटावरचा
बरं. पितांबरी?

रसायनवाला
देवाच्या भांड्यांना जरूर. इथे घासायची कुठलीही पावडर नको. तिचे कण पुंगळीत राहिले तर आधी डाय खरवडते, मग बंदुकीची नळी.

पेठेतला
अवांतर: हे पुण्यात करता येईल का? रायफल क्लबच्या मागे पुंगळ्यांचा ढीग असतो.

डावा_डोळा
नाही. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रंही 'दारूगोळा'च. परवान्याशिवाय हात लावू नका. ह्यूस्टनकर, तुम्हालाही तेच: रेंजची बॅग घेऊन भारतात येऊ नका. खिशात विसरलेली एक रिकामी पुंगळीही विमानतळावर दिवस खाते.

ह्यूस्टनकर
मंडळी, रविवार. वापरू की फेकू?

साडेतीन_इंच
फेकायच्या नाहीत, पण निवडायच्या. एक गुलाबी पुंगळी घ्या, हिरव्या स्क्रबरने चार-पाच वेळा घासा. खाली लगेच पिवळं लागलं तर रंग फक्त वरवरचा आहे, ताकदीला धक्का नाही. घासूनही लालच राहिली, खड्डे दिसले किंवा पृष्ठभाग खरखरीत लागला, की भंगारात. मग एक-दोन नमुन्यांचं तोंड पकडीने हळू दाबा. चांगलं पितळ मुडपतं, खराब तडकतं. ९ एमएमला ३५,००० पीएसआय दाब असतो, इथे कंजूषपणा नको.

आणि रंगापेक्षा मला नऊ तासांची काळजी आहे. एवढा वेळ पुंगळ्या एकमेकींवर आपटल्या की तोंडाची कड ठोकल्यासारखी आत वळते. ९ एमएम चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेत) तोंडाच्या कडेवरच टेकते, त्यामुळे कड महत्त्वाची. नख आतून बाहेर फिरवा. अडकलं तर चॅम्फरच्या (कड तासायच्या) हत्याराने एक हलकी फेरी, जास्त नाही, कड धारदार करायची नाही. लांबी कॅलिपरने बघा: जास्तीत जास्त १९.१५ मिलिमीटर.

कणीस
कणसात नऊ तास लावल्या तरी तोंड वळत नाही. नुसतं सांगतोय.

साडेतीन_इंच
सांगू नका.

डावा_डोळा
रविवारचा बेत असा:

आज प्रायमर काढा. काढताना लोहचुंबक फिरवा, चिकटेल ती पुंगळी पोलादाची, वरून पितळेचा मुलामा. आम्लात ती गंजून सगळं पाणी तांबूस करते. एकीत एक अडकलेल्या सोडवा, .४० च्या मोठ्या पुंगळीत ९ एमएम हमखास बसते आणि आतली बाजू धुतली जात नाही. वेचलेल्या मालात .२२ ची जिवंत गोळी असते, ती आधी बाजूला.

मग पुन्हा ड्रम: साधारण सव्वादोन किलो पिना, ५०० पुंगळ्या (दोन किलोच्या आत भरतील), पुंगळ्यांवर चार बोटं येईल एवढं गार पाणी, एक जेवणाचा चमचा साबण. या फेरीला लिंबूसत अजिबात नाही, पिनाच घासून गुलाबी थर काढतील. ४५ मिनिटांनी उघडून बघा, लागलं तर आणखी अर्धा तास. रात्रभर नाही. फिरवणं थांबलं की लगेच काढा, मळक्या पाण्यात ठेवल्या की पुन्हा काळ्या.

घाटावरचा
आम्ल मारायला थोडा खायचा सोडा टाकला तर?

रसायनवाला
बंद ड्रममध्ये आम्ल आणि सोडा म्हणजे वायू. झाकण उडेल, गॅरेजभर काळं पाणी. सोडा टाकायचाच तर उघड्या बादलीत, खळबळताना. खरं तर तीन वेळा स्वच्छ पाणी पुरतं.

ह्यूस्टनकर
पिना काढणं हाच वैताग आहे. काल चाळणीत तासभर गेला.

साडेतीन_इंच
कोरड्या काढू नका. पाण्याने भरलेल्या टबात पुंगळ्या बुडवून हलवा, पिना आपोआप खाली पडतात. हवेत पाण्याच्या थेंबाने त्या आत चिकटून राहतात. पिना सुरुवातीला कोरड्या तोला आणि शेवटी वाळवून परत तोला. पाच-सहा ग्रॅम कमी भरल्या तर कुठल्या तरी पुंगळीत आहेत. भरण्याआधी ५० भोकांच्या ठोकळ्यात उभ्या करून टॉर्च मारा. तळाच्या भोकात कधी दोन पिना जोडीने अडकतात, त्या टोच्याने काढा.

चाळणी कुठली वापरलीत?

ह्यूस्टनकर
घरातली.

साडेतीन_इंच
ती आता गॅरेजची. परत तांदूळ धुवायला नेऊ नका, त्यात शिसं आहे. ते काळं पाणी टोमॅटोच्या वाफ्यातही ओतू नका. हातमोजे घाला, आणि हात गार पाण्याने, साबणाने.

ह्यूस्टनकर
वाळवायला ओव्हन चालेल ना? २०० ला?

डावा_डोळा
फॅरनहाइट असेल तर तापमान बरोबर, त्याच्या वर नको. जास्त तापून पुंगळीचं बूड मऊ पडलं तर ती कायमची बाद. पण स्वयंपाकाचा ओव्हन नको, कारण वर आलंच. जुना फळं वाळवायचा डिहायड्रेटर असेल तर एक तास. नाहीतर टॉवेलमध्ये घोळून गाडीच्या काचेमागे. ह्यूस्टनच्या दमट हवेत नुसत्या सावलीत ठेवल्या तर पाण्याचे डाग पडतील.

कणीस
आणि इतक्या स्वच्छ केल्यावर तोंड रुंद करणाऱ्या डायला पुंगळी चिकटते, हँडल वर घेताना कचकन आवाज येतो. आतला काजळा थोडं वंगण म्हणून काम करतो, तो तुम्ही धुऊन टाकलात. उपाय माहीत आहे? पंधरा मिनिटं कणसात, पॉलिशसकट.

साडेतीन_इंच
हे मात्र खरं आहे.

कणीस
स्क्रीनशॉट घेतला.

ह्यूस्टनकर
अपडेट. ४५ + ३० मिनिटं, फक्त साबण. बहुतेक पिवळ्या, थोडी गुलाबी झाक उरली आहे. २० घासून पाहिल्या: १९ खाली पिवळ्या, एकीच्या तोंडाला चीर. तडकलेली निकेलच्या मुलाम्याची, रुपेरी होती, मुलामाही सुटतोय. बाकीच्या रुपेरी पण काढू?

रसायनवाला
सगळ्या काढा. निकेलला एवढं आम्ल सोसत नाही. सुटलेल्या पापड्या कडक असतात, त्या डायमध्ये अडकून पुढच्या प्रत्येक पुंगळीवर रेघ मारतील. आणि २० वर थांबू नका. ३०० भरायच्या तर ३०० चीही तोंडं भिंगातून बघा.

ह्यूस्टनकर
४१ निघाल्या रुपेरी. बाकीच्या कणसात लावतोय, शेजाऱ्याचा टंबलर आणला.

मोगरा_७
ते समईचं कोणी सांगेल का? माझ्याही समईवर तसेच लाल डाग आहेत, चिंचेचेच.

रसायनवाला
ताई, चिंच-मीठ दोन मिनिटांच्या वर ठेवायचं नाही, चोळायचं आणि लगेच धुवायचं. आत्ताचे डाग परत चिंचेने जाणार नाहीत, वाढतील. बारीक रांगोळी किंवा राख ओल्या फडक्यावर घेऊन एकाच दिशेने घासा, आणि धुतल्यावर कोरडी पुसा, निथळत ठेवू नका.