२५ ब्रॉयलर पक्ष्यांसाठी ६ बाय ८ फुटांची खोली पुरेल का?

प्रश्न

घरच्या खाण्यापुरते २५ ब्रॉयलर पक्षी वाढवण्याचा विचार आहे. परसात पत्र्याच्या छपराची ६ बाय ८ फुटांची एक जुनी खोली रिकामी पडून आहे. तिच्या तीन बाजूंना छपरापर्यंत विटांच्या भिंती आहेत आणि चौथ्या बाजूला दार व एक लहान खिडकी आहे. एका पक्ष्यामागे एक चौरस फूट जागा पुरते असे काही जण सांगतात, तर काही जण चार चौरस फुटांचा आग्रह धरतात. यातले खरे कोणते मानावे? माझ्याकडे अंड्यांसाठी पाळलेल्या सहा कोंबड्याही आहेत. ही पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्याच खुराड्यात ठेवली तर चालेल का, आणि बसण्यासाठी दांडे लावावेत का, हेही कृपया सांगावे.

उत्तर १

दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. चार चौरस फुटांचा हिशेब अंड्यांवरच्या कोंबडीचा आहे, कारण ती त्याच खुराड्यात वर्ष-दीड वर्ष राहते. ब्रॉयलर पक्षी सहा ते सात आठवड्यांत दोन-सव्वादोन किलोंचा होऊन निघून जातो, म्हणून मोठ्या व्यावसायिक शेडमध्ये त्याला साधारण एक चौरस फूट दिला जातो; परंतु तिथे हवा, तापमान आणि गादी (जमिनीवर पसरलेला तुसाचा किंवा भुशाचा थर) यांवर दिवसभर लक्ष ठेवणारी माणसे असतात. घरगुती पालनात दीड ते दोन चौरस फूट धरावेत, असे माझे मत आहे. तुमच्या खोलीचे क्षेत्रफळ ४८ चौरस फूट आहे, म्हणजे प्रत्येक पक्ष्याला जवळजवळ दोन चौरस फूट मिळतात. त्यातून खाद्याच्या आणि पाण्याच्या भांड्यांची जागा वजा केली तरीही २५ पक्ष्यांसाठी खोली अपुरी पडणार नाही.

जागेचा हिशेब मात्र नेहमी शेवटच्या आठवड्याचा करावा. एक दिवसाच्या पिलांना सुरुवातीला प्रत्येकी अर्धा चौरस फूट पुरतो, आणि ती पूर्ण खोलीत मोकळी सोडली तर उबेपासून दूर जाऊन गारठतात. पहिले दहा-बारा दिवस चार फूट व्यासाचे पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे करून त्यात पिल्ले ठेवावीत. कडे गोलच हवे, कारण पिल्ले घाबरली की कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. पहिल्या आठवड्यात उबेच्या दिव्याखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करत जावे. थर्मामीटरपेक्षा पिल्ले अधिक खरे सांगतात: ती दिव्याखाली दाटीने बसली तर ऊब कमी आहे, कडेला पळून चोची उघडून बसली तर जास्त आहे.

कोंबड्यांच्या खुराड्यात ही पिल्ले मुळीच ठेवू नयेत. मोठ्या कोंबड्या स्वतः आजारी न दिसताही रोग बाळगून असतात, आणि त्यांना अंड्यांसाठी दिले जाणारे जास्त कॅल्शियमचे खाद्य पिलांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. दांड्यांचीही गरज नाही. जड पक्षी उंचावरून उतरताना पायाला दुखापत करून घेतो.

उत्तर २

वरील हिशेब मला मान्य आहे, परंतु तीन बाजूंच्या बंद भिंती वाचून मला राहवले नाही. माझ्या पहिल्या बॅचच्या वेळी जागा भरपूर होती, तरी पाचव्या आठवड्यात चार पक्षी दगावले. दारात उभे राहिल्यावर मला कसलाही वास येत नव्हता. पण खाली बसून पक्ष्यांच्या उंचीवर नाक नेले तेव्हा डोळ्यांत पाणी आले. तो अमोनिया होता. तेव्हापासून मी रोज सकाळी शेडमध्ये गुडघे टेकून बसतो आणि मगच खाद्य घालतो.

मोठा ब्रॉयलर जेवढे खाद्य खातो त्याच्या सुमारे दुप्पट पाणी पितो. म्हणजे अखेरच्या आठवड्यात तुमचे २५ पक्षी रोज आठ-दहा लिटर पाणी पितील, आणि त्यातला बराचसा भाग विष्ठेवाटे गादीत व श्वासावाटे हवेत येईल. वारा खेळता नसेल तर ही ओल जाणार कुठे? ओल्या गादीतूनच अमोनिया, पायांच्या जखमा आणि रक्ती हगवण सुरू होते. भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या भुशाची दोन-तीन इंच जाड गादी घालून ती रोज खालवर करावी. मूठभर गादी दाबून पाहावी: मूठ उघडल्यावर गोळा हलकेच सुटला तर ठीक, तसाच घट्ट राहिला तर ओल जास्त झाली आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. खोलीची एक भिंत कुंपणाला लागून असल्यामुळे ती फोडता येणार नाही, मात्र दोन्ही लांब भिंतींना हात लावता येईल. त्या किती खाली आणाव्यात?

उत्तर २

समोरासमोरच्या दोन लांब भिंती मोकळ्या होत असतील तर याहून चांगले काही नाही. दोन्ही भिंती जमिनीपासून एक ते दीड फुटापर्यंत ठेवाव्यात, म्हणजे बसलेल्या पक्ष्याला थेट झोत लागत नाही, आणि त्यावर छपरापर्यंत जाळी बसवावी. षटकोनी पातळ जाळी कोंबड्या आत ठेवते, पण कुत्र्याला अडवत नाही. म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्डिंग केलेल्या तारांची चौकोनी जाळी) घ्यावी. मुंगूस आणि घूस जमीन उकरून येतात, तेव्हा जमीन मातीची असेल तर कडेने फूटभर जाळी मातीत गाडावी. बाहेरच्या बाजूने गोणपाटाचे पडदे लावावेत, परंतु ते वरून खाली सोडू नयेत; खालून वर ओढता येतील असे बांधावेत, म्हणजे थंडीच्या रात्री पडदा चढवल्यावरही छपराजवळची फट उघडी राहते आणि गरम, दमट हवा तिथून निघून जाते.

उत्तर १

पडद्यांविषयी पूर्ण सहमत. आणखी एक सुचवतो: पत्र्यावर गवताचा किंवा पेंढ्याचा जाड थर अंथरावा. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते, आणि तापलेल्या पत्र्याखाली सर्वांत आधी सर्वांत वजनदार पक्षी दगावतो. उन्हाळ्यात बॅच घेणार असाल तर २५ ऐवजी २० पिल्लेच आणावीत.