मदत हवी आहे: मृत्युपत्रात मुलांचे पालक म्हणून कोणाला नेमावं?

आम्ही पुण्यात राहतो. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४. गेल्या महिन्यात घाटात गाडी घसरली. कोणाला लागलं नाही, पण मागच्या सीटवर एकमेकांना टेकून झोपलेली दोघं बघून पोटात गोळाच आला. आम्ही दोघंही एकदम गेलो तर?

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे मृत्युपत्रातून पालक नेमता येतो, मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, इथवर कळलंय. मुलांचा ओढा माझ्या बहिणीकडे. पैशाचे व्यवहार मात्र दीर फार चोख बघतात. सांभाळ मावशीकडे आणि फ्लॅट, एफडी काकांकडे असं कोणी केलंय का? पुढे अडचण आली का? आणि सासूबाईंजवळ हा विषय कसा काढलात? त्या 'अभद्र बोलू नकोस' म्हणून उठूनच जातात.