सेटव्हीबफने लाइन बफरिंग लावलं तरी विंडोजवर आउटपुट तुंबतं

सत्तरीकर:
गोव्यात वाळपईजवळच्या एका काजू कारखान्यात बियांच्या खरेदीचं काम बघतो. इलेक्ट्रॉनिक काटा सिरियल पोर्टवरून दर सेकंदाला वजन पाठवतो. ते वाचून प्रिंटएफने एक ओळ छापणारा छोटा सी प्रोग्राम लिहिलाय. ती ओळ पाइपमधून पायथनच्या स्क्रिप्टकडे जाते आणि स्क्रिप्ट मोठ्या आकड्यांत वजन दाखवते. घरच्या उबुंटू लिनक्सवर सुरुवातीलाच सेटव्हीबफला (आउटपुट साठवणारा बफर कसा वागेल ते ठरवणारं फंक्शन) आयओएलबीएफ (लाइन बफरिंग, म्हणजे ओळ संपली की बफर रिकामा) आणि बफरची साइझ शून्य दिली, झकास चाललं. कारखान्यातल्या विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओत डीबग बिल्ड केलं, तर सुरू होताच असर्शनची (कोडमधली चूक दाखवणारी) खिडकी. शून्याच्या जागी १०२४ घातले. खिडकी गेली, पण आता जवळजवळ मिनिटभर स्क्रीन गप्प, मग पन्नासेक वजनं धडाधड. समोर शेतकरी पोतं काट्यावर ठेवून उभा आणि स्क्रीनवर आधीच्या माणसाचं वजन! कन्सोलवर थेट चालवला की सगळं व्यवस्थित. दोन्हीकडे एकच कोड चालेल असं काही आहे का? ओळ न्यूलाइन धरून २० बाइटची आहे.

फर्मागुडीकर:
आयओएनबीएफ (बफरच नको) लावा, विषय संपला. आम्ही लॅबमध्ये तेच करतो.

वेब्रिजवाला:
सत्तरीकर बाब, १०२४ ला २० ने भागा. ५१ ओळी, वर चार बाइट. म्हणजे तुमचा लाइन बफर लाइन बफर नाहीच, तो पूर्ण भरल्यावरच रिकामा होतोय. बावन्नाव्या ओळीची पहिली चार अक्षरं एका खेपेत आणि उरलेली पुढच्या खेपेत जात असणार.

मायक्रोसॉफ्टची लायब्ररी आयओएलबीएफ हे नाव ओळखते, पण वागते आयओएफबीएफसारखी (फुली बफर्ड, म्हणजे बफर पूर्ण भरल्यावरच रिकामा). त्यांच्या कागदपत्रांतच तसं लिहिलंय. असर्शनचंही तेच: या दोन्ही मोडमध्ये साइझ किमान २ लागते, शून्य दिलं की तिथे अवैध पॅरामीटर. लिनक्सची सी लायब्ररी जीलिबसी शून्य मुकाट्याने चालवून घेते, म्हणून घरी कळलं नाही.

यात मायक्रोसॉफ्टला शिव्या घालून उपयोग नाही. सीच्या स्टँडर्डने एवढंच म्हटलंय की एसटीडीआउट (प्रोग्रामचं नेहमीचं आउटपुट) कन्सोलसारख्या इंटरॅक्टिव्ह डिव्हाइसला जोडलेला नसल्याचं ठरवता आलं तरच तो फुली बफर्ड असावा. पाइपमधून ओळीओळीने जाईल असं वचन कोणीच दिलेलं नाही. लिनक्सवरही तुमची सेटव्हीबफची ओळ काढून बघा, पाइपमध्ये तिथेही तुंबेल, बहुधा ४०९६ बाइटपर्यंत.

फर्मागुडीकरांचा उपाय चालतो, पण मला पटत नाही. बफरच नसला की एका प्रिंटएफचे अनेक छोटे तुकडे होऊन सिस्टीम कॉल वाढू शकतात. तुमच्या सेकंदाला एका ओळीला काही फरक पडणार नाही, उद्या कोणी तोच कोड भरभर डेटा देणाऱ्या सेन्सरला लावला की पडेल.

मी खाणींच्या ट्रकांसाठी वेब्रिजची (अख्खा ट्रक तोलणारा काटा) सॉफ्टवेअर लिहीत असे. तिथे आमचा नियम एकच: सेटव्हीबफला हातच लावायचा नाही. एक फंक्शन, त्यात व्हीप्रिंटएफ (प्रिंटएफचाच भाऊ) आणि लगेच एफफ्लश, म्हणजे बफर तिथल्या तिथे रिकामा. संपूर्ण प्रोग्राममध्ये आउटपुट त्याच दारातून बाहेर. १९८९ च्या स्टँडर्डपासून एफफ्लश आहे, त्यामुळे इफडेफची (प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळा कोड) जंत्री लागत नाही. फक्त त्याची रिटर्न व्हॅल्यू तपासा. विंडोजवर पलीकडची स्क्रिप्ट बंद पडली की तिथेच ईओएफ (लिहिणं फसल्याची खूण) मिळेल. लिनक्सवर मात्र सिगपाइप (पाइप तुटल्याचा सिग्नल) येऊन प्रोग्रामच मरतो, तो सिग्नल आधी इग्नोर केला तरच ईओएफपर्यंत पोचाल.

सत्तरीकर:
देव बरें करूं! एफफ्लश घातला, वजन लगेच दिसतंय. एक शंका. मित्र म्हणतो कोडला हात न लावता एसटीडीबफ कमांडने काम होतं. खरं का?

वेब्रिजवाला:
लिनक्सवर होतं, पण अटी आहेत. ती कमांड एलडी प्रीलोडने आपली लायब्ररी प्रोग्रामच्या आधी घुसवते, त्यामुळे स्टॅटिक लिंक केलेल्या (लायब्ररी आतच जोडलेल्या) बायनरीवर तिचा काही परिणाम नाही. प्रोग्रामने स्वतः सेटव्हीबफ केलं असेल तर शेवटी त्याचंच चालतं. सोर्स हातात नसेल तेव्हा वापरा. विंडोजच्या एक्सईला ती लागूच नाही.

आणखी एक. गिट बॅशच्या मिनटी टर्मिनलमध्ये विंडोजचा एक्सई चालवाल तर त्याला समोर कन्सोल नव्हे, पाइप दिसू शकतो. मग स्क्रिप्ट नसतानाही आउटपुट तुंबतं आणि माणूस उगाच सिरियल केबल हलवत बसतो.

फर्मागुडीकर:
मग एफफ्लश केलं की वीज गेली तरी डेटा सुरक्षित ना? मे महिन्यात गडगडाट सुरू झाला की सत्तरीत काय होतं ते माहीत आहे.

वेब्रिजवाला:
नाही. एफफ्लश डेटा प्रोग्राममधून ऑपरेटिंग सिस्टीमकडे देतो, एवढंच. प्रोग्राम क्रॅश झाला तर तो वाचेल, वीज गेली तर सांगता येत नाही. पाइपला याचं काही नाही, पण वजनांची लॉग फाइल ठेवत असाल तर एफफ्लशनंतर डेटा डिस्कवर उतरवायला लिनक्सवर एफसिंक आणि विंडोजवर अंडरस्कोर कमिट. दोन्हींना फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर) लागतो, तो फाइलनोने मिळतो. मॅकवर एफसिंकही पुरत नाही, तिथे एफसीएनटीएलला एफ फुलएफसिंक द्यावं लागतं. पोर्टेबल सी इथे संपतं, इफडेफ लिहावेच लागतात.

आणि हे दर सेकंदाच्या ओळीला करू नका, डिस्क उगाच राबेल. पोतं उतरवून पावती फाडता ना, त्या वजनाला करा.