‘हाडांची झीज’: अवकाशात हा शब्द चालेल का?

चोपडा, शिक्षिका: शाळेच्या भित्तिपत्रकासाठी लिहितेय. अंतराळवीर सुनीता विल्यम्स अवकाश स्थानकावरून २८६ दिवसांनी मार्च २०२५ मध्ये परतल्या, तेव्हा त्यांना स्ट्रेचरवरून का नेलं, हे मुलांना सांगायचंय. ‘अवकाशात हाडांची झीज होते’ या वाक्यावर आमच्या सरांनी लाल रेघ मारली. झीज घासून होते म्हणे. मग काय लिहू?

धुळे, फिजिओथेरपिस्ट: रेघ बरोबर आहे, ताई. गुडघ्याची झीज होते ती कूर्चेची, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराची. अवकाशात हाडावर भारच पडत नाही. जुनं हाड मोडून नवं भरायचं काम शरीरात कायम चालू असतं. भार नसला की मोडणं जोरात आणि भरणं मागे. खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्के घटते. म्हणून तर स्थानकावर रोज दोनेक तास व्यायाम. ट्रेडमिलवर पट्ट्यांनी खाली ओढून धरावं लागतं, नाहीतर पहिल्याच पावलाला माणूस वर. ‘हाडं विरळ होतात’ लिहा.

जळगाव, निवृत्त मास्तर: मला नाही पटत. ‘प्रथिने शरीराची झीज भरून काढतात’ हे सगळ्यांनी पाठ केलंय. तिथं कोण काय घासतं? आणि झीज तर पैशाचीही सोसतात!

धुळे: नाना, मान्य. पण माझ्याकडे येणारे ‘झीज’ ऐकलं की चालणंच सोडतात, वापरलं तर अजून झिजेल म्हणून. अंतराळवीराला औषध नेमकं उलटं, हाडावर भार द्या. शब्दामुळे मुलांचा तोच गोंधळ व्हायचा.

अमळनेर: आमची आजी म्हणायची, ‘हाडं पोकळ व्हई ग्यात.’

धुळे: आजी डॉक्टरच की! आतला जाळीदार भागच आधी जातो. सुटलेलं कॅल्शियम लघवीतून जातं, म्हणून तिथं मूतखड्याचीही धास्ती.

चोपडा: मग ‘विरळ’. पायांचे स्नायू ‘रोडावतात’ आणि चेहरा ‘सुजतो’, हे चालेल ना?

जळगाव: रोडावतात झकास. सुजतो नको, मार बसल्यासारखं वाटतं. रक्त-पाणी पायांकडून डोक्याकडे सरकतं, तेव्हा ‘चेहरा फुगतो’. आणि ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ लिहिलं असेल तर आधी खोडा. स्थानकाच्या ४०० किलोमीटर उंचीवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ९० टक्क्यांच्या आसपास असते. स्थानक आणि माणसं सोबत पडत असतात म्हणून भार जाणवत नाही. ‘भारहीनता’ म्हणा.