स्प्रिंग बदलण्याआधी ढकलणारा तुकडा वजन करून बघा

थर्माकोलचं छोटं विमान नळीतल्या स्प्रिंगने जोरात उडवायचं तर "अजून जाड स्प्रिंग लावा" असा सल्ला इथे कुणी दिलाय, तो मला अर्धाच पटतो. स्प्रिंग दुप्पट दाबली की ऊर्जा चौपट होते, म्हणून ताठ स्प्रिंग जराशी दाबण्यापेक्षा मऊ आणि लांब घेतलेली बरी. धक्का एकदम बसला की थर्माकोलचे पंख जागेवरच मुडपतात.

पण आमचं घोडं अडलं ते भलतीकडेच. गेल्या वर्षी लेकीच्या प्रकल्पासाठी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून भंगारातली स्प्रिंग आणली आणि विमान ढकलायला लोखंडी पट्टीचा तुकडा लावला. विमान 40 ग्रॅमचं, पट्टी 60 ची! हिशेब केला तर स्प्रिंगमधल्या 1 ज्यूल ऊर्जेत विमान एकटं सेकंदाला 7 मीटरने सुटायला हवं. पट्टीसकट जेमतेम साडेचार. (स्प्रिंगच्या स्वतःच्या वजनाचा साधारण एक तृतीयांशही यात धरायचा असतो, ते वेगळंच.) मग आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून 8 ग्रॅमचा तुकडा केला, हिशेबाने वेग साडेसहाच्या आसपास गेला. बेळगावातल्याच व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर वाऱ्याच्या तोंडावर सोडलं तेव्हा कुठे ते नीट तरंगलं. आणि हो, तुकडा नळीच्या टोकाला अडेल अशी खीळ ठोका, आमचा एकदा विमानामागोमाग गेला होता.