मदत हवी आहे: युद्धाचे नियम मुलांना कसे समजावू?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात नववीला इतिहास शिकवतो. परवा शाळेमागच्या सोयाबीनवर ड्रोनने फवारणी सुरू होती. पोरं कुंपणाला चिकटून पाहत होती, औषधाचा वास पार वर्गापर्यंत येत होता. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "सर, लढाईत असाच दुरून बॉम्ब टाकला अन् तो शाळेवर पडला, तर पाप कोणाचं?" मला धड उत्तर देता आलं नाही.

१९४९चे जिनिव्हा करार, म्हणजे युद्धात जखमी, कैदी आणि सामान्य लोकांना कसं वागवायचं याचे आंतरराष्ट्रीय नियम, मला ठाऊक आहेत. लढणारे आणि सामान्य लोक यांत फरक करायचा, हा १९७७च्या पूरक करारातला नियमही (भारताने तो करार स्वीकारलेला नाही, हे मुलांना सांगावंच लागेल). अश्वत्थाम्यानं रात्री झोपलेल्यांना मारलं, तो अधर्म, हे पोरांना कीर्तनातून माहीत आहे. पण हुकूम देणारा एक, बटण दाबणारा दुसरा, कुठे कोण आहे हे ठरवणारं यंत्र तिसरं. मग जबाबदारी कोणाची? गावातले १९७१चे माजी सैनिक म्हणतात, "मास्तर, आमच्या टायमाले समोरचा मानूस दिसे तरी."

यावर सोप्या मराठीत लेख, व्याख्यान काही असेल तर कृपया सुचवा. फौजेतलं किंवा कायद्याचं जाणकार कोणी मुलांशी फोनवर अर्धा तास बोलेल का? सोमवारी पुन्हा तोच तास आहे.